केरसुण्यांचा रविवार

"इटलीला जाऊन आलो" असं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. "व्हेनिसला गोंडोलात बसलात का? रोमला किती दिवस होतात? पिसाचा मनोरा खरंच तेवढा कललाय का हो?" आम्ही चौघांनी २०२५ च्या ऑगस्टअखेरीस आठ दिवस इटलीत काढले आणि यातलं एकही ठिकाण पाहिलं नाही, हे मंडळाच्या कोजागिरीला कळल्यावर मित्रांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते पाहण्यासारखे होते. पंढरपूरला जाऊन विठोबाचं दर्शन न घेता नुसते चुरमुरे-बत्तासे घेऊन परत यावं, तसं काहीतरी आमच्या हातून घडलं होतं.

आम्ही गेलो होतो गोरित्सियाला. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त त्रिएस्तेला माझ्या खेपा होत असत. तिथे एकदा जेवणाच्या टेबलावर शेजारच्या गोरित्सियातल्या 'केरसुण्यांच्या रविवारा'चा उल्लेख ऐकला आणि ते नाव डोक्यात घर करून बसलं. लढायांना, तहांना, क्रांत्यांना नावं असतात. एखाद्या गावाच्या इतिहासात केरसुणीच्या नावाचा दिवस का असावा?

आधी भूगोल. गोरित्सिया हा इटलीच्या ईशान्य टोकाचा, स्लोव्हेनियाला चिकटलेला एवढासा प्रांत. क्षेत्रफळ पावणेपाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. त्यात उत्तरेला कोल्लिओच्या द्राक्षमळ्यांच्या टेकड्या, पूर्वेला कार्सोचं चुनखडीचं पठार, मधून वाहणारी पाचूसारख्या रंगाची इझोन्झो नदी आणि दक्षिणेला ग्रादोची खाडी. भूगोलाच्या पुस्तकात आपण 'कार्स्ट' भूमी म्हणून जे पाठ केलं, ते नाव याच पठारावरून आलेलं आहे. प्रशासनाच्या दृष्टीने २०१७ मध्ये हा प्रांत बरखास्तही झाला. पण माणसं अजून 'आमचा प्रांत' असंच म्हणतात. माणसांच्या मनातून सीमा पुसणं सरकारी हुकमाने होत नसतं, आणि आखणंही होत नसतं. पण तो विषय पुढे येणारच आहे.

गावाचं नाव पहिल्यांदा कागदावर येतं ते इ. स. १००१ मध्ये. सम्राट तिसऱ्या ऑटोने दिलेल्या एका दानपत्रात या वस्तीला 'स्लाव्ह लोकांच्या भाषेत गोरित्सा म्हणतात' अशा अर्थाची नोंद आहे. 'गोरा' म्हणजे डोंगर आणि 'गोरित्सा' म्हणजे लहानशी टेकडी. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं असेल त्यांना 'गिरी' आठवला असेल, आणि बरोबरच आठवला. दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. म्हणजे आज जे इटालियन गाव म्हणून ओळखलं जातं, त्याचं नाव मुळात स्लाव्ह. टेकडीवर त्या काळच्या सरदारांचा, म्हणजे गोरित्सियाच्या काउंटांचा किल्ला आहे. इ. स. १५०० मध्ये शेवटचा काउंट वारस न ठेवता गेला आणि गाव हाब्सबुर्ग घराण्याकडे आलं. मधली थोडी धामधूम सोडली तर पुढची चारशे वर्षं, १९१८ पर्यंत, ते ऑस्ट्रियाचंच होतं.

त्या चारशे वर्षांत इथे इटालियन, फ्रियुलियन, स्लोव्हेनियन आणि जर्मन अशा चार भाषा नांदत होत्या. बाजारात एक, चर्चमध्ये दुसरी, कचेरीत तिसरी, हे रोजचंच. निवृत्त अधिकारी इथल्या सौम्य हवेसाठी घरं बांधून राहत आणि गावाला 'ऑस्ट्रियाचं नीस' म्हणत. आपल्याकडे पेन्शनर मंडळी पुण्याला घर बांधत, त्यातलाच प्रकार. सिंहासन गमावलेला फ्रान्सचा राजा दहावा शार्ल हाही भटकत भटकत इथेच आला आणि ६ नोव्हेंबर १८३६ रोजी कॉलऱ्याने वारला. त्याला जवळच्या कोस्तान्येवित्सा टेकडीवरच्या मठात पुरलं. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भीतीने त्याची शवपेटी व्हिएन्नाला हलवावी लागली आणि ती १९३२ मध्ये परत आली. आज परिस्थिती अशी आहे की ज्या वाड्यात तो वारला तो इटलीत आणि जिथे तो पुरलेला आहे ती टेकडी स्लोव्हेनियात. मधलं अंतर पायी जाण्याएवढं. ज्यू समाजाचंही तेच: प्रार्थनामंदिर इटलीत, दफनभूमी स्लोव्हेनियात.

१९ जुलै १९०६ रोजी आल्प्सच्या पोटातून आलेला 'ट्रान्सआल्पिना' हा नवा रेल्वेमार्ग सुरू झाला. उद्घाटनाला आला होता आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड, ज्याच्या खुनाने आठ वर्षांनी महायुद्धाला तोंड फुटलं तोच. गावाच्या उत्तरेला सोल्कान इथे या मार्गावरचा दगडी पूल आहे. त्याची मधली कमान ८५ मीटरची. दगडी कमानीच्या रेल्वेपुलांमध्ये जगात याहून मोठी कमान नाही. माझ्या मुलाला इतिहासात काडीचा रस नाही, पण त्या पुलाखाली तो अर्धा तास निमूट बसला होता. त्याला मी सांगितलं नाही की हा मूळचा पूल नव्हे. १९१६ च्या ऑगस्टमध्ये माघार घेताना ऑस्ट्रियन सैन्याने तो उडवला आणि १९२७ मध्ये इटलीने तसाच पुन्हा बांधला.

कारण त्या युद्धात हे गाव आघाडीवर सापडलं. मे १९१५ मध्ये इटली ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात उतरली आणि पुढच्या अडीच वर्षांत या एका नदीच्या काठी बारा लढाया झाल्या. त्यांना नावंही धड नाहीत. इझोन्झोची पहिली लढाई, दुसरी, तिसरी, अशी नुसती मोजदाद. सहाव्या लढाईत, ऑगस्ट १९१६ मध्ये, इटलीने गोरित्सिया जिंकलं. बाराव्या लढाईत, ऑक्टोबर १९१७ मध्ये, कापोरेत्तोला आघाडी कोसळली आणि सगळं हातचं गेलं. एक वर्षाने ऑस्ट्रियाचं साम्राज्यच संपलं, तेव्हा गाव पुन्हा इटलीकडे आलं.

कार्सोच्या पठारावर फिरताना त्या लढाया कळतात. मातीचा थर वीतभर, खाली सगळा चुनखडीचा दगड. खंदक खणायचे म्हणजे पहारीने दगड फोडायचा. तोफगोळा पडला की त्याच्या तुकड्यांबरोबर दगडाच्याही कपच्या उडत. वर पाणी नाही. पडलेला पाऊस भेगांतून सरळ पाताळात. दोबेर्दोचं तळं तर भूगर्भातलं पाणी वाढलं की दिसतं आणि ओसरलं की नाहीसं होतं. आम्ही गेलो तेव्हा तळ्याच्या जागी गवत होतं.

रेदिपूल्याचं स्मारक याच प्रांतात आहे. डोंगराच्या उताराला बावीस प्रचंड पायऱ्या, आणि त्यांत एक लाख एकशे सत्त्याऐंशी सैनिकांचे अवशेष. त्यातल्या ३९,८५७ जणांची नावं आहेत, ६०,३३० जणांची नाहीत. १९३८ मध्ये मुसोलिनीने त्याचं उद्घाटन केलं. प्रत्येक पायरीवर एकच शब्द पुन्हा पुन्हा कोरलेला आहे: 'हजर'. मला ते स्मारक आवडलं नाही. मेलेल्या पोरांना पुन्हा रांगेत उभं करून हजेरी घेतल्यासारखं वाटतं. थोड्याच अंतरावर फोल्यानोला शत्रुपक्षाच्या, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकांची साधी दफनभूमी आहे. झाडं, गवत, दगड. तिथे बायको म्हणाली, "इथे निदान बसावंसं तरी वाटतं." आम्ही बसलो.

युद्धानंतर जे झालं ते गाववाले सहसा स्वतःहून बोलत नाहीत. फॅसिस्ट राजवटीत स्लोव्हेनियन शाळा बंद झाल्या, माणसांची आडनावंही बदलून इटालियन वळणाची केली गेली. लोयझे ब्रातुझ हा चर्चमधल्या गायकवृंदाचा शिक्षक. मुलांना स्लोव्हेनियन भाषेत गाणी शिकवी, एवढाच गुन्हा. १९३६ च्या नाताळात चर्चमधून बाहेर पडल्यावर फॅसिस्टांनी त्याला पकडून मोटारीचं तेल पाजलं. फेब्रुवारी १९३७ मध्ये तो वारला. पुढे मे १९४५ मध्ये टिटोच्या फौजा गावात शिरल्या आणि चाळीस दिवस राहिल्या. त्या चाळीस दिवसांत शेकडो माणसं उचलून नेली गेली; त्यातली बहुतेक परत आली नाहीत. दोन्ही बाजूंची स्मारकं गावात आहेत. कुणाच्या स्मारकाला कोण फुलं वाहतं, हे पाहिलं की अजूनही बरंच काही समजतं.

मग आलं १९४७. इटली हरलेली, युगोस्लाव्हिया जिंकलेला, सीमा कुठे हा प्रश्न. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया या चौघांनी नकाशावर चार वेगळ्या रेषा सुचवल्या. शेवटी तडजोड म्हणून फ्रान्सची रेषा घेतली गेली. १० फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये तह झाला आणि सप्टेंबरच्या मध्याला तो अमलात आला. त्याच्या महिनाभर आधी, १७ ऑगस्टला, आपल्याकडे रॅडक्लिफसाहेबांची रेषा जाहीर झाली होती. त्या वर्षी जगभर पट्ट्या-पेन्सिली जोरात होत्या म्हणायच्या. आपल्या फाळणीत जे झालं त्याच्याशी इथली तुलना करू नये, इथे कत्तली झाल्या नाहीत. पण रेषेचा स्वभाव तोच.

इथे ती रेषा अक्षरशः चुन्याने आखली गेली. गाव आणि किल्ला इटलीकडे. आजूबाजूची खेडी आणि ट्रान्सआल्पिनाचं स्टेशन युगोस्लाव्हियाकडे. स्टेशनची इमारत एका देशात आणि समोरच्या चौकाचा अर्धा भाग दुसऱ्या देशात. कुणाचं घर इकडे, गोठा तिकडे. सगळ्यात कहर मिरेन गावच्या दफनभूमीत झाला. रेषा थेट तिच्यातून गेली आणि काही थडगी दोन देशांत विभागली गेली. १९७५ चा ओसिमो करार झाल्यावर ती चूक सुधारली. अठ्ठावीस वर्षं तिथले मेलेले लोक सीमेवर पडून होते.

आम्ही गावाच्या कडेला एका घरगुती विश्रामगृहात उतरलो होतो. घरच्या आजीबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांना सगळे 'नोना' म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आजीला इटालियनमध्ये 'नोन्ना' आणि सीमेपलीकडच्या स्लोव्हेनियन खेड्यांतही 'नोना'. त्या इटलीच्या नागरिक, पण घरची भाषा स्लोव्हेनियन. नातू इंग्रजी चांगलं बोलतो, तो दुभाषा. नोनांनी एक ते दहा म्हणून दाखवलं तेव्हा 'द्वा, त्री', 'शेस्त' आणि 'देसेत' ऐकून माझी मुलगी हसायलाच लागली. त्यांच्या भाषेत संस्कृतसारखं द्विवचन अजून जिवंत आहे. 'आम्ही दोघं' आणि 'आम्ही पुष्कळ' यांची क्रियापदं वेगळी. आमच्या शाळेत द्विवचनाने जेवढा छळ केला, त्याची भरपाई त्या संध्याकाळी झाली.

नेमकी त्या आठवड्यात गणेश चतुर्थी होती. मोबाईलवर आरती लावून, लहानशा तसबिरीपुढे काय ठेवावं या विचारात आम्ही होतो, तर नोनांनी जेवायला एक पदार्थ केला. उकडलेला बटाटा आणि पीठ मळून त्याची पारी, आत बिया काढलेला आलुबुखारा आणि बीच्या जागी साखर. मग उकळत्या पाण्यात शिजवून वरून लोणी, परतलेला पावाचा चुरा, साखर आणि दालचिनी. आकार गोल, पण करायची रीत बघून बायको थक्क. "अहो, हे तर उकडीचेच!" त्या दिवशी बाप्पाला आलुबुखाऱ्याच्या मोदकांचा नैवेद्य दाखवला. नोनांना नातवाने समजावून सांगितल्यावर त्यांनी तसबिरीसाठी आणखी दोन वाढले.

इथलं खाणं म्हणजे इथल्या इतिहासाचंच ताट आहे. हंगेरीतून आलेलं गुलाश, व्हिएन्नाच्या वळणाची पेस्ट्री, व्हेनिसच्या बाजूचा मक्याचा पोलेंता, बाल्कनातले कबाब. शाकाहारी माणसाने 'फ्रिको' मागवावं. किसलेलं चीज आणि बटाटा तव्यावर खरपूस भाजलेलं थालीपीठच ते. राजमा आणि आंबवलेल्या कोबीची 'योता' नावाची दाट आमटीही मिळते, फक्त त्यात डुकराचं मांस नाही ना हे आधी विचारावं. ग्रादोला खाडीकाठी लसूण, व्हिनेगर आणि भरपूर मिरी घातलेलं मासळीचं 'बोरेतो' खाल्लं. कोकणी माणसाला त्यात नारळाची उणीव जाणवते, बाकी तक्रार नाही. आणि कार्सोवर 'ओस्मित्सा'. शेतकऱ्याने आपल्याच अंगणात आपली वाइन, चीज, अंडी आणून विकायची. १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने शेतकऱ्यांना अशा विक्रीची परवानगी दिली, ती आठ दिवसांची, म्हणून हे नाव. 'ओसेम' म्हणजे आठ, आपला 'अष्ट'. रस्त्याच्या वळणावर झाडाची फांदी टांगलेली दिसली की समजायचं, आज इथे उघडं आहे.

तर, केरसुण्या. 

सीमा आखली गेल्यावर पहिली काही वर्षं ती जवळजवळ बंदच होती. नोना तेव्हा सहा वर्षांच्या. आईचं माहेर शेंपेतरला, पायी पंधरा-वीस मिनिटांवर, आता परदेशात. १९४९ च्या हिवाळ्यात नोनांची आजी तिकडे वारली. निरोप आला तोवर उशीर झाला होता, आणि वेळेवर आला असता तरी परवाना मिळायचा नव्हता. "आई अंगणात उभी राहून चर्चची घंटा ऐकत होती," नोना म्हणाल्या. "ती घंटा आजीची आहे हे तिला माहीत होतं. ती वाजायची थांबल्यावर आई आत आली आणि तिने पोलेंता ढवळायला घेतला."

१३ ऑगस्ट १९५०, रविवार. पलीकडच्या बाजूला 'लाल घर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाक्यावर लोक जमू लागले. नातेवाईकांना निदान लांबून तरी बघता येईल, या आशेने. गर्दी वाढत गेली. हजारो माणसं झाली. आणि दुपारी कधीतरी ती गर्दी पहारेकऱ्यांना बाजूला सारून सरळ गोरित्सियात शिरली. गोळीबार झाला नाही. रविवार असूनही दुकानदारांनी शटर वर केली. लोकांनी हाताला लागेल ते विकत घेतलं. आणि सगळ्यात जास्त काय, तर केरसुण्या. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी, म्हणजे पुन्हा युगोस्लाव्हियात, परत गेले. खांद्यावर केरसुण्या टाकून सीमा ओलांडणारी माणसं, असं ते दृश्य.

इतिहासात याचं स्पष्टीकरण साधं दिलं जातं. पलीकडे टंचाई होती, साध्या केरसुण्याही मिळत नव्हत्या. ते खरंच आहे. पण नोनांच्या घरी या केरसुणीवरून वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. त्यांची मावशी त्या गर्दीत होती. तीन वर्षांनी बहिणीच्या दारात आली ती संध्याकाळ होत आल्यावर, हातात दोन केरसुण्या घेऊन. जेमतेम अर्धा तास बसली आणि गेली. नोनांची आई पुढे कितीतरी वर्षं म्हणत असे, "ती मला भेटायला आली होती की बाजाराला?" मावशीने उत्तर दिलं ते फार नंतर, म्हातारपणी. "परत जाताना कुणी विचारलं असतं, कुठे गेली होतीस, तर काय सांगणार होते? इटलीत राहणाऱ्या बहिणीकडे? केरसुणी हातात असली की कुणी विचारत नाही." 

म्हणून आधी केरसुणी आणि मग बहीण. नातू भाषांतर करता करता थांबला. ही गोष्ट त्यालाही नवीन होती.

माझं आजोळ निपाणीचं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि मराठी बोलणारं ते गाव म्हैसूर राज्यात गेलं. तिथे कुंपण नव्हतं, पहारा नव्हता. कोल्हापूरची एसटी रोज जात-येत होती, तेव्हा मी हे दुःख मावशीच्या दुःखाइतकं आहे असं म्हणणार नाही. पण आजोबा कचेरीतून आलेला कन्नड कागद हातात धरून शेजाऱ्याकडे वाचून घ्यायला जात. आपल्याच गावात, आपल्याच घराच्या उताऱ्याचा कागद. ते चित्र आईने मला इतक्या वेळा सांगितलंय, की लोयझे ब्रातुझच्या गायकवृंदाबद्दल वाचताना मला आधी तेच आठवलं.

गाव इटलीला गेल्यावर युगोस्लाव्हियाकडे उरली खेडी, आणि त्यांचं बाजाराचं, शाळेचं, दवाखान्याचं गाव पलीकडे. मग १९४८ पासून रेषेला लागूनच, मोकळ्या माळावर, त्यांनी नवं शहर बांधायला घेतलं: नोव्हा गोरित्सा, म्हणजे 'नवी गोरित्सा'. आराखडा एडवर्ड राव्निकार या वास्तुतज्ज्ञाचा. त्याने युद्धापूर्वी पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या हाताखाली काम केलं होतं. हे वाचून मी चमकलो. रेषेपलीकडे गेलेल्या लाहोरच्या बदल्यात आपल्याकडे ज्याने चंदीगड उभारलं, त्याचाच हा शिष्य. रुंद रस्ते, मोकळ्या जागा, झाडांत उभ्या केलेल्या इमारती. फिरताना सेक्टर सतरा आठवत राहतं. स्टेशनच्या माथ्यावर मोठा लाल तारा बसवला होता, पलीकडच्यांना नीट दिसावा म्हणून.

१९५५ मध्ये उदिने इथे करार झाला आणि सीमेलगतच्या रहिवाशांना ठरावीक वेळा ये-जा करण्याचे पास मिळू लागले. मग सुरू झाली घरगुती तस्करी. इकडून तिकडे कॉफी, जीन्स, कपडे धुण्याची पावडर. तिकडून इकडे मांस, सिगारेटी, पेट्रोल. नोनांनी आपण कोटाच्या अस्तरात कॉफी कशी शिवत असू ते उठून दाखवलं. या तस्करीचं एक छोटंसं संग्रहालयही नाक्याच्या जुन्या चौकीत आहे. मुलांना सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

या गावाने आणखी एक कुंपण पाडलं, आणि ते चौकातल्या कुंपणाच्या कितीतरी आधी. सीमेला लागूनच गावचं मनोरुग्णालय होतं. १९६१ मध्ये फ्रांको बझाल्या हे तिथले संचालक झाले. रात्री बांधून ठेवलेल्या रुग्णांच्या यादीवर सही करायची पद्धत होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सही करायला नकार दिला. मग वॉर्डांची कुलपं काढली, जाळ्या काढल्या, रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्या एकत्र सभा भरवायला सुरुवात केली. त्या विचारातूनच १९७८ चा कायदा क्रमांक १८० आला आणि इटलीतली मनोरुग्णालयं टप्प्याटप्प्याने बंद झाली. पलीकडे बंदूकधारी पहारा असताना, त्याच भिंतीच्या आत हा माणूस दारं उघडत होता. आज तिथे बाग आहे. बागेत आम्हाला एकही पर्यटक दिसला नाही.

पुढचं भराभर घडलं. जून १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला तेव्हा इथल्या रोझ्ना दोलिनाच्या नाक्यावरही चकमक झाली. १ मे २००४ ला स्लोव्हेनिया युरोपीय संघात आला. चौकातलं कुंपण काढून मधोमध गोल मोझॅक बसवलं गेलं. २१ डिसेंबर २००७ पासून पासपोर्टची तपासणीही थांबली. आणि २०२५ मध्ये नोव्हा गोरित्सा आणि गोरित्सिया या दोघींना मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी होण्याचा मान मिळाला. म्हणून गावभर दोन भाषांत फलक लागलेले आणि गर्दीही बरी होती.

पण २०२० च्या मार्चमध्ये करोना आला आणि त्याच चौकात, त्याच रेषेवर पुन्हा जाळीचं कुंपण उभं राहिलं. जूनपर्यंत ते होतं. जाळीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून लोक एकमेकांना भेटायला येत. नोनांना तेव्हा नातवाने चौकात न्यायचं म्हटलं तर त्या गेल्या नाहीत. "मी ते एकदा पाहिलंय," एवढंच म्हणाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. आम्ही मोझॅकवर उभे राहून इतरांसारखेच फोटो काढले, एक पाय इकडे, एक पाय तिकडे.

निघायच्या आदल्या दिवशी बायकोला आठवलं, दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी नवी केरसुणी लागते. दरवर्षी आमच्याकडे प्लास्टिकच्या झाडूला हळदकुंकू लागतं. गोरित्सियातल्या एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात केरसुणी मिळाली. दांडा लांब, पण खालचा झुपका ओळखीचा वाटला, म्हणून दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, 'साज्जिना'. फोनवर शोधलं तर ज्वारी निघाली! तिचीच एक जात, खास झाडूसाठी पेरली जाणारी. नोनांना दाखवली तर त्यांनी झुपका दोन बोटांनी चाचपला, किंमत विचारली आणि महाग पडली असा निर्वाळा दिला.

ती केरसुणी गाडीच्या डिकीत मावेना, म्हणून दोन्ही मुलांच्या मधून आडवी टाकली. ऑस्ट्रिया ओलांडून साल्झबुर्गच्या पुढे जर्मनीत शिरताना पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. चौघांचे पासपोर्ट पाहून झाले. "कुठून येताय?" मी सांगितलं. "काय आणलंत बरोबर?" मी वाइनच्या बाटल्यांचा आकडा आठवू लागलो, तेवढ्यात मागून मुलगी म्हणाली, "केरसुणी."

त्याने वाकून पाहिलं, आणि हाताने पुढे जायची खूण केली.